टॉवेलकाकूंचं उत्तर

हर्सूलच्या जेलात कोणाला भेटायचं असेल तर आधी बाहेरच्या खिडकीवर फॉर्म भरावा लागतो. कैद्याचं नाव, भेटणाऱ्याचं नाव, पत्ता, आधार कार्डाचा नंबर. मनकर्णाबाईंनी चष्मा पदराला पुसत पुसत एवढं सगळं नीट भरलं. मग एक रकाना आला, नातं, आणि तिथं त्यांचा हात थांबला.

खिडकीत बद्रीनाथ हवालदार बसलेले. मिशा पिकलेल्या, आवाज मोठा, पण माणूस खवट नव्हता. मागं रांग वाढत चालली तसं ते म्हणाले, "मावशी, लिहा की नातं. आई का आत्या?"

"धर्माची आई," मनकर्णाबाई म्हणाल्या.

हवालदारांनी तेव्हा कुठं मान वर केली. मानलेली आई का, असं त्यांनी विचारलं. मनकर्णाबाईंनी सांगितलं, की मानलेली नव्हे. आमच्या ख्रिस्ती लोकांत लेकराचा बाप्तिस्मा होतो, त्याच्या डोक्यावर पाणी घालून त्याला देवाच्या हाती देतात, तेव्हा एक बाई त्याच्यासाठी देवाला शब्द देते. ती धर्माची आई. मागच्या रांगेतली एक बाई ऐकता ऐकता तोंडाला पदर लावून हसली. हवालदारांनी मात्र पूर्ण ऐकून घेतलं आणि मार्ग काढून दिला. मावशी लिहा म्हणाले, इथं कोण बघायला बसलंय, मावशीला कोणी अडवत नाय.

मनकर्णाबाईंना ते पटेना. ज्या नात्यासाठी इतक्या लांब आलो ते नातंच खोटं लिहायचं, मग आत जाऊन बोलायचं काय? त्यांनी रकान्यात जे खरं होतं तेच बारीक अक्षरात लिहिलं. फॉर्म आत गेला. अर्ध्या तासानं आतून निरोप आला, कैदी आकाश म्हणतो, मी या बाईला ओळखत नाही.

हवालदारांनी तो निरोप हळू आवाजात सांगितला. त्यांचा आवाज हळू होऊ शकतो, हे त्या खिडकीवर फार कमी लोकांना माहीत असेल.

बाहेर लिंबाखालच्या ओट्यावर साहेबराव थर्मास घेऊन बसले होते. बायकोचा चेहरा बघून त्यांनी झाकणात चहा ओतून पुढं केला. साहेबराव इथवर आले होते ते बायकोला एकटीला दोन रिक्षा बदलाव्या लागतात म्हणून. आत पाऊल टाकणार नाही, हे त्यांनी घरीच सांगून ठेवलं होतं. त्याला कारण होतं. साहेबरावांनी चितेगावच्या एका कंपनीत एकतीस वर्षं नोकरी केली, आणि त्यातली पहिली दहा वर्षं ते पैठण रस्त्यानं सायकलवर ड्यूटीला गेले. त्याच रस्त्यावर, पहाटे ड्यूटीला निघालेल्या एका सायकलवाल्याला आकाशच्या पिकअपनं उडवलं होतं. आकाश दारू प्यायलेला होता. गाडी थांबवली नाही, पळून गेला, दुसऱ्या दिवशी सापडला. सायकलवाला जागच्या जागी गेला. श्रीरंग त्याचं नाव. दोन मुली मागं राहिल्या.

"तिथं मीसुद्धा असू शकलो असतो," साहेबराव एकदाच म्हणाले होते. मनकर्णाबाईंनी रात्रीच्या प्रार्थनेत श्रीरंगचं नाव आकाशच्या आधी घ्यायला सुरुवात केली.

पण ही धर्माची आई झाली कशी, ते सांगितलं पाहिजे, कारण खरं तर ती व्हायचीच नव्हती.

मनकर्णाबाई छावणीकडच्या दगडी देवळातल्या. जुनी ख्रिस्ती मंडळी चर्चला देऊळच म्हणतात. त्यांच्याकडं काम होतं देवळातली कापडं सांभाळायचं. वेदीवरचं लांब पांढरं कापड, प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीच्या, प्याल्यावर झाकायचे रुमाल, बाप्तिस्म्याच्या वेळी लेकराचं डोकं पुसायचा टॉवेल. दर शनिवारी त्या हे सगळं धुवायच्या. गावाला नळ आठव्या दिवशी येवो की दहाव्या, या कापडांची घागर घरात वेगळी भरलेली असायची आणि तिला कोणी हात लावायचा नाही. प्रभुभोजनाच्या रुमालाचं पहिलं पाणी मोरीत जात नाही, जमिनीत जातं, हे त्यांच्या सासूनं शिकवलेलं. ते पाणी त्या देवळामागच्या पेरूच्या झाडाला घालायच्या. वेदीच्या कापडाला घडीची खूण पडू नये म्हणून ते पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवायच्या. पगार नाही, मान नाही. नाताळात पाळकसाहेब, म्हणजे देवळाचे धर्मगुरू, सगळ्यांसमोर नाव घ्यायचे तेवढंच, आणि तेव्हाही त्या स्वयंपाकघरात असायच्या.

एकोणतीस वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतला तो रविवार. अभय आणि निशाच्या पहिल्या लेकराचा बाप्तिस्मा होता. धर्माची आई ठरली होती प्रेरणा, निशाची मैत्रीण, जालन्याची. त्या देवळाची रीत अशी, की धर्माच्या आईनं लेकराला दारापासून उचलून पाण्याच्या कुंडापर्यंत आणायचं आणि पाळकांच्या प्रश्नांना त्याच्या वतीनं उत्तर द्यायचं. प्रेरणाची एसटी बदनापूरच्या अलीकडं बंद पडली. तेव्हा हातात फोन कुठले? इकडं दोन गीतं झाली, तिसरं झालं, उपासना किती ताणणार? लेकरू रडून लालबुंद झालेलं. कुंडाशी मनकर्णाबाई टॉवेल आणि कोमट पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. निशा घाबरी झालेली. "काकू, जरा धरा," म्हणून तिनं लेकरू त्यांच्याकडं दिलं आणि ती दाराकडं बघायला गेली. लेकरू मनकर्णाबाईंच्या खांद्यावर आलं आणि गप्प झालं.

त्या वेळचे पाळक म्हातारे, जाड भिंगाचे. त्यांना एवढंच दिसलं की कुंडाशी एक बाई आहे आणि तिच्या हातात लेकरू आहे. त्यांनी पुस्तकावरची नजर न काढता विचारलं, या लेकराला देवाच्या वाटेनं चालायला तू हात देशील काय?

अभय बायकोकडं बघतो, बायको दाराकडं बघते. मनकर्णाबाईंना वाटलं, देवाच्या घरात विचारलेला प्रश्न असा लोंबकळत ठेवायचा? त्यांचं तोंड आपोआप उघडलं.

"होय, प्रभूच्या साहाय्यानं देईन."

दुसरा प्रश्न, हा वाट चुकला तर याला शोधशील काय? होय. तिसरा, तुझ्या जिवात जीव आहे तोवर याच्यासाठी प्रार्थना करशील काय? होय. आकाशच्या डोक्यावर पाणी पडलं, मनकर्णाबाईंनी ते पुसलं.

शेवटच्या गीताला प्रेरणा धापा टाकत पोचली, खुळखुळा घेऊन. देवळाच्या बाप्तिस्म्याच्या वहीत तिचंच नाव लागलं, फोटो तिचाच निघाला. केक आणि चिवडा खाताना बायकांनी मनकर्णाबाईंची हसून हसून पुरेवाट केली. ह्या टॉवेल धरता धरता दुसऱ्याच्या लेकराच्या आई झाल्या, असं चाललं होतं. मनकर्णाबाई पण हसल्या. घरी साहेबरावांनी तर आठवडाभर चिडवलं.

पण शनिवारी कापडं द्यायला गेल्यावर त्यांनी पाळकसाहेबांना गाठलंच. मी चुकून दिलेलं उत्तर मागं घेता येईल का, असं विचारलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढून हातात धरला. मग म्हणाले, "बाई, उत्तर कोणी दिलं ते मला दिसलं नाही. ज्याला दिलं त्याला दिसलंय. मागं घ्यायची परवानगी द्यायला मी कोण?"

तेवढं पुरे झालं. पुढं दर फेब्रुवारीत, त्या दिवशी, अभयच्या दारात मनकर्णाबाई गव्हाच्या पिठाचे गोड शंकरपाळे घेऊन हजर. प्रेरणा लग्न करून दूर गेली, पहिली दोन वर्षं कार्ड आलं, मग तेही थांबलं. आकाश बोलायला लागला तसा त्यांना टॉवेलकाकू म्हणायला लागला, कारण निशानं त्याला फोटोमागची गंमत सांगितली होती. प्रभूची प्रार्थना तो त्यांच्याच मांडीवर शिकला. मध्येच अडखळून शंकरपाळ्यांच्या डब्याकडं बघायचा, आणि त्या डबा मागं सरकवायच्या.

चौदाव्या वर्षी पोरं बदलतात तसा तो बदलला. एका फेब्रुवारीत मित्रांसोबत कट्ट्यावर बसला होता, टॉवेलकाकू डबा घेऊन समोर आल्या आणि उपासनेला का येत नाहीस म्हणून विचारलं. मित्र हसले. आकाश उठून म्हणाला, "तुम्ही माझ्या कोण लागता? वहीत तर तुमचं नावसुद्धा नाही."

खरंच होतं ते. मनकर्णाबाई डबा घेऊन परत आल्या. त्या वर्षी शंकरपाळे साहेबरावांनीच संपवले. पुढच्या फेब्रुवारीत त्या गेल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. प्रार्थनेत नाव घ्यायच्या, पण घाईघाईनं, दुखणाऱ्या दातावर जीभ जाऊ नये तसं.

इथवर सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. याच्या पुढचं फक्त साहेबरावांना माहीत होतं.

आकाश वीस वर्षांचा असताना अभय हार्ट अटॅकनं गेला. त्यानंतर पंधरा दिवसांनी, शनिवारी दुपारी, मनकर्णाबाई देवळाच्या आतल्या खोलीत वेदीचं कापड नळीवर गुंडाळत होत्या. दारात सावली पडली. आकाश होता. दाढी वाढलेली, तोंडाला दारूचा वास. तो नुसता चौकटीला धरून उभा राहिला. मग म्हणाला, काकू. मनकर्णाबाईंना सगळं कळत होतं. हे पोरगं कुठं जावं ते न सुचून इथं आलंय, हेही कळत होतं. पण सहा वर्षं गिळलेला कट्ट्यावरचा तो शब्द नेमका त्याच क्षणी वर आला. कापडावरून नजर न काढता त्या म्हणाल्या, "मी तुझी कोण?"

सावली थोडा वेळ राहिली आणि गेली. त्या कापड गुंडाळत राहिल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्या कापडाला घडी पडली, ती इस्त्री करूनही लवकर गेली नाही.

पुढं आकाशनं पिकअप चालवायला घेतली, दारू वाढली, आणि मग ती पहाट आली. कोर्टानं पाच वर्षं दिली. निशा घराला कुलूप लावून भावाकडं नगरला निघून गेली. माझ्यासमोर त्याचं नाव काढू नका, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. तिला दोष कोण देणार? तिनं नवऱ्यामागं एकटीनं जे सोसलं ते तिलाच ठाऊक. एका रविवारी महिला मंडळात कोणीतरी सहज म्हणालं, आठ महिने झाले, त्या पोराला भेटायला एक माणूस गेलं नाय. मनकर्णाबाईंनी हातातला कप खाली ठेवला. हा वाट चुकला तर याला शोधशील काय, असा प्रश्न होता, आणि त्याला होय म्हणणारं तोंड दुसऱ्या कोणाचं नव्हतं. शोधायचं तर लांबच राहिलं, तो स्वतः दाराशी आला होता आणि आपण त्याला परतवून लावलं. आता एकच गोष्ट करायची होती. त्याच्यासमोर उभं राहून तो शब्द परत घ्यायचा. बाकी त्यानं मारलं तरी चालेल.

म्हणून तो सोमवार, ती खिडकी, तो रकाना.

ओळखत नाही, असा निरोप आला तरी पंधरा दिवसांनी त्या परत गेल्या. परत तेच. तिसऱ्यांदा पण तेच. देवळातल्या बायका म्हणायला लागल्या, सख्खी आई जात नाय, ह्यांना काय पडलंय? कोणी म्हणालं, दारुड्याला कशाला पाठीशी घालता? पाठीशी घालत नाही, पाच वर्षं त्यानं भोगलीच पाहिजेत, पण एकट्यानं कशाला, एवढंच मनकर्णाबाई म्हणाल्या. दर वेळी त्या पिशवीत दोन बनियन आणि एक नवा पांढरा टॉवेल न्यायच्या आणि दर वेळी पिशवी तशीच परत यायची.

चौथ्या खेपेला बद्रीनाथ हवालदारांनी त्यांना बाजूच्या बाकावर बसवलं. रांग संपल्यावर स्वतः उठून आले.

"मावशी, लई हेलपाटे झाले तुमचे. पत्र का टाकत नाय? पत्राला तो नाही म्हणू शकत नाय. पण एक आहे, आतले साहेब आधी वाचतात."

"वाचू द्या," मनकर्णाबाई म्हणाल्या. "चूक माझी आहे, ती काय झाकायची?"

घरी आल्यावर त्यांनी पोस्टकार्डच काढलं. उघडं ते उघडं. लिहायला बसल्या आणि तीन कार्डं खराब केली. पहिल्यात उपदेश फार झाला. दुसऱ्यात रडं फार झालं. तिसरं साहेबरावांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, अगं, यात तुझी चूक शेवटच्या ओळीत आलीय, पोस्टमनसुद्धा तिथवर वाचणार नाय. चौथ्या कार्डावर एवढंच लिहिलं:

चि. आकाश यास, सलाम. तू त्या शनिवारी देवळात आला होतास. मी तुला बघितलं होतं, तुझं दुःख मला दिसलं होतं, तरी मी मान वर केली नाही. ती माझी चूक. तू विचारलं होतंस मी तुझी कोण. मी तुझी धर्माची आई. वहीत नाव नाही, पण उत्तर मी दिलेलं आहे. सोमवारी येईन. नाही म्हणालास तर त्याच्या पुढच्या खेपेला येईन.

साहेबरावांनी कार्ड दोनदा वाचलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि क्रांती चौकात काही कामानं जाताना स्वतः पेटीत टाकून आले.

पाचव्या खेपेला मनकर्णाबाई फॉर्म मागायला खिडकीशी गेल्या तर बद्रीनाथ हवालदार आधीच हसत होते. म्हणाले, फॉर्म राहू द्या, तुमचं नाव आतूनच आलंय. आकाशनं भेटणाऱ्यांच्या यादीत एकच नाव दिलं होतं. हवालदारांनी कागद फिरवून दाखवला. नाव, मनकर्णाबाई. नातं, टॉवेलकाकू.

"आता हे नातं मी सरकारला काय म्हणून सांगू?" हवालदार म्हणाले, आणि त्यांनी शिक्का मारला.

आत काच होती आणि काचेच्या दोन्ही बाजूंना फोन. मनकर्णाबाईंनी फोन उलटा धरला. काचेपलीकडून एका माणसानं हातानं खूण केली, असा फिरवा. तेव्हा त्यांनी नीट बघितलं. तो आकाश होता. केस बारीक कापलेले, गालफडं वर आलेली, आणि डोळे अभयचे.

भेटीला वीस मिनिटं होती. मग तो म्हणाला, "काकू, थकलात तुम्ही."

मनकर्णाबाईंनी पंधरा दिवस मनात घोकलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. पोस्टकार्डात लिहिलं तेच, पण तोंडानं. मी चुकले, मला माफ कर. एवढ्या पिकल्या केसांची बाई आपल्याला हात जोडतेय हे त्याला बघवेना. तो मान हलवत राहिला. म्हणाला, त्या शनिवारी त्याला फक्त आत येऊन बसायचं होतं, पेरूच्या झाडाखाली, पप्पा लहानपणी तिथं बसवायचे म्हणून. आणि म्हणाला, "तुम्ही बोलला नसता तरी दारू मी पीतच होतो. ते तुमच्यावर घेऊ नका. ते माझं आहे."

मग काचेवर बोटानं रेघ ओढत त्यानं विचारलं, "त्यांचं नाव घेता का प्रार्थनेत?"

कोणाचं, हे विचारावं लागलं नाही. "रोज," त्या म्हणाल्या. "तुझ्या आधी. आणि त्यांच्या दोन मुलींचं."

आकाशनं फोन छातीशी धरला आणि मान खाली घातली. खांदे हलत होते. त्याचं डोकं त्यांच्या समोर होतं, हातभर अंतरावर, पण मध्ये काच. मनकर्णाबाईंचा हात पिशवीत गेला आणि टॉवेलावर तसाच राहिला. एकदा हे डोकं पुसलं होतं तेव्हा ते नारळाएवढं होतं. आता पुसता येत नव्हतं. त्या फोनमधून हळू आवाजात प्रभूची प्रार्थना म्हणायला लागल्या. मध्यावर पोचल्या तेव्हा पलीकडून दुसरा आवाज मिसळला. नेहमीच्या जागी तो अडखळला, आणि दोघंही नकळत हसले.

वेळ संपल्याची घंटा झाली. शिपायानं आकाशच्या खांद्याला हात लावला. तो उठला, फोन ठेवायला गेला आणि परत कानाला लावला.

"अजून चार वर्षं राहिलीत, काकू. तुम्ही परत याल?"

"होय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "प्रभूच्या साहाय्यानं येईन."

पिशवी त्यांनी खिडकीवर दिली. हवालदारांनी बनियन झटकून बघितली, टॉवेल उलगडून बघितला आणि नोंद करून आत पाठवला. बाहेर लिंबाखाली साहेबराव उभेच होते, थर्मासचं बूच उघडून. रिकाम्या हातांनी येणाऱ्या बायकोकडं त्यांनी बघितलं.

"बारीक झालाय का पोरगा?" त्यांनी विचारलं.

"झालाय," त्या म्हणाल्या.

साहेबरावांनी चहा पुढं केला, बूच लावलं, आणि आतल्या दाराकडं बघत म्हणाले की पुढच्या खेपेला माझं पण आधार कार्ड पिशवीत टाक. नातं काय लिहायचं ते तेव्हा बघू.